वाळूत सापडलेला मल्चिंगचा कागद

माझी मुलगी कोकणातल्या एका समुद्रकाठच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या वाशिम जिल्ह्यातली बरीच पोरं-पोरी नोकरीपायी तिकडे गेली आहेत. मंगरूळपीरहून अकोल्यापर्यंत एसटी, तिथून रेल्वे, मग दुसरी रेल्वे, असं करत मी दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात तिच्याकडे पोचले. वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा समुद्र पाहिला. फार वेळ पाहवला नाही. पाणीच पाणी, आणि एवढ्या पाण्यावर काही पिकत नाही, हेच मनात येत राहिलं.

पहिल्याच रविवारी सकाळी मुलगी म्हणाली, "आई, चल. आमी सगळे किनारा साफ करतो दर रविवारी."

"मी पाहुणी हावो. मले कायले कचरा उचलाले लावतेस?"

"घरी बसून तरी काय करशीन?"

ते खरं होतं. तिच्या दोन खोल्यांच्या घरात मला सकाळी सातनंतर कामच नव्हतं. गेले.

वीस-बावीस माणसं जमली होती. तिच्या शाळेतल्या दोन बाई, काही कॉलेजातली मुलं, होड्यांवरची माणसं, आणि सगळ्यांना हातमोजे वाटणारे एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी शिट्टी वाजवली आणि सगळे इकडेतिकडे पांगले. जो तो मोठी वस्तू दिसेल तिकडे धावत होता. बाटली दिसली की चार जण बाटलीकडे. बारीक बारीक तुकडे, दोऱ्या, झाकणं तशीच मागे राहत होती. मी थोडा वेळ पाहिलं. मग राहवलं नाही.

"असं निंदण करत नसतात," मी मुलीला म्हणाले. "आमी बाया कशा पात धरतो? एका लायनीत बसायचं, आपल्या समोरची पट्टी आपली. मागं एक काडी राहू द्यायची नाई."

मुलगी लाजली, पण पोस्टमास्तरांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "ताई, तुम्हीच लावा लाइन."

मी लावली. त्या दिवशी मी अनोळखी लोकांना ओळीत बसवलं आणि त्यांच्याबरोबर उकिडवी बसून पुढे सरकत गेले. कॉलेजच्या मुलांचे गुडघे अर्ध्या तासात दुखायला लागले. माझे नाही. तीस वर्षं मिरचीत, वांग्यात, टोमॅटोत मी अशीच सरकत आले आहे. पण हातमोजे घालून काम जमेना, ते काढून टाकले. पुढच्या रविवारी मुलीनं कुठून तरी एक खुरपं मिळवून आणलं. वाळूत पुरलेली जाळ्यांची दोरी खुरप्यानं मोकळी करता येते, हे तिथल्या लोकांनी माझ्याकडून पाहिलं आणि मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या रविवारी ते घडलं. माझ्या पट्टीत वाळूतून एक काळं टोक वर आलं होतं. ओढलं तर येईना. खुरप्यानं बाजूची वाळू काढली, मुलीनं दुसरीकडून धरलं, आणि हातभर रुंदीची लांबच लांब काळी पट्टी बाहेर आली. जागोजाग विरलेली, चिंधड्या झालेली.

पोस्टमास्तर जवळ आले. "कचऱ्याची मोठी पिशवी असेल."

"नाई हो," मी म्हणाले. "हा मल्चिंगचा कागद हाये, प्लॅस्टिकचा. वाफ्यावर अंथरतात. गवत होत नाई, ओल टिकते. हे पाहा, रोपासाठी पाडलेली भोकं. वीत-दीड वितीवर एक."

लोक भोवती जमले. एका होडीवाल्यानं सांगितलं की खाडीच्या काठानं हल्ली कलिंगडं करतात, तिथूनच आला असेल. मुलगी कौतुकानं बघत होती. आणि मी त्या भोकांकडे बघत होते. गोल होती. आमची गोल नसतात.

आम्ही लोखंडी पाइपाचा तुकडा निखाऱ्यात तापवून भोकं पाडतो. तो पाइप एका बाजूनं चेपलेला आहे, म्हणून आमच्या कागदाला लांबट भोकं पडतात, वाटाण्याच्या शेंगेसारखी. पीक संपलं की कागद फाडून गोळा करायचा आणि नाल्याच्या काठावर टाकायचा, अशी आमची रीत. पावसाळ्यात नाला तो घेऊन जाई. कुठे घेऊन जातो हे कधी पाहिलं नव्हतं. पण एकदा कळलं होतं.

आमच्या खालच्या अंगाला एका बाईचं शेत आहे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, नवरा गेलेला, मुलगा पुण्यात. एका साली श्रावणात एका रात्रीत खूप पाणी पडलं, तिच्या शेतापुढे रस्त्याखालून नाला जातो त्या नळीत कागद अडकून नाला तुंबला आणि पाणी तिच्या हळदीत तीन दिवस उभं राहिलं. कंद सडले. ती मुठीत काळा कागद घेऊन आमच्या दारात आली. "हा तुमचा हाये," म्हणाली.

माझे मालक म्हणाले, "गावात दहा जण मल्चिंग टाकून राह्यले. आमचाच कशावरून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मुठीतून लोंबणाऱ्या कागदावर लांबट भोक मला दिसत होतं. मी म्हणाले, "आमचा नसन." ती गेली. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

किनाऱ्यावरून परतताना मुलीनं विचारलं, "काय झालं? गप काहून हायेस?" मी सगळं सांगितलं. मग माझं मलाच बरं वाटावं म्हणून म्हणाले, "पण आपला नाला या समुद्राले येत नाई. अडाणात जातो, तिथून पैनगंगेत, मग तिकडं गोदावरीकडे."

"आई, तिकडंबी समुद्रच हाये," ती म्हणाली. "अन् समुद्राचं सोड. मधात त्या काकूचं शेत हाये ना."

गावी परतल्यावर मी मालकांना म्हणाले की मी त्या खालच्या शेतातल्या बाईकडे जाते. ते म्हणाले, "झालं गेलं. आता कायले उकरून काढतेस?" दुपारी मी गेले.

ती अंगणात हळदीच्या कंदांची माती झाडत बसली होती. मी समोर बसले. कसं सुरू करावं हे वाटेत चारदा ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"वयनी, तो कागद आमचाच होता. मी वळखला होता."

तिचा हात थांबला नाही. "मले तवाच माहीत होतं."

"मग तुमी पुढं काही बोलल्या काहून नाई?"

"बोलली होती ना. तुमच्या दारात येऊन."

तिनं पाणी विचारलं नाही. मी थोडा वेळ तिच्याबरोबर कंद झाडले आणि उठले.

दुसऱ्या दिवसापासून मी कागद काढायला नाल्यात उतरू लागले. कोरड्या नाल्यात वाळूपेक्षा कागद जास्त होता. बाभळीच्या मुळ्यांना गुंडाळलेला, गाळात थरावर थर बसलेला, त्यात औषधाच्या बाटल्या आणि बियाण्याच्या पिशव्या. रस्त्यानं जाणारे थांबून बघत. "काय गुप्तधन सापडून राह्यलं काय?" एकानं विचारलं. चौथ्या दिवशी मालक फावडं घेऊन आले. त्यांनी नळीच्या तोंडातला गाळ काढायला घेतला. आतून निघालेला कागद त्यांनी काठावर पसरला आणि म्हणाले, "एवढा?"

ती मात्र आली नाही. आठवडा गेला. मग एका सकाळी समोरच्या काठावर ती खाली बसलेली दिसली, तिच्या बाजूची मुळी मोकळी करत. दुपारपर्यंत आम्ही दोघी आपापल्या काठानं सरकत राहिलो.

गोठ्याशेजारी गठ्ठ्यांचा ढीग झाला. मंगरूळपीरचा भंगारवाला म्हणाला, मातीचा माल घेत नाही, धुऊन आणा. मालक वैतागले. एवढा कागद धुवायचा म्हणजे चार दिवसांचं काम. पण आम्ही विहिरीवरच्या टाक्याशी धुवायला बसलो, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून आली. भिजलेला कागद एकट्यानं पिळता येत नाही, जड होतो. तिनं एक टोक धरलं, मी दुसरं, गोधडी पिळतात तसं उलटसुलट पिळत गेलो. गढूळ पाणी दोघींच्या पायांवर पडत होतं.

तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्या पावसाळ्यात तिच्या हळदीत पाणी थांबलं नाही, एवढं मला माहीत आहे. आता पीक संपलं की कागद त्याच दिवशी गुंडाळून गोठ्यात ठेवतो. वरच्या अंगाच्या शेतांतले दोघे अजून नाल्यातच टाकतात. त्यांना सांगायला जायचं आहे. एकटी गेले तर ऐकतील असं वाटत नाही, म्हणून परवा तिला विचारलं, येता का. ती म्हणाली, "हळद निघू दे. मंग जाऊ."