इंजिन तापेपर्यंत

बाबा पावसाळ्यात गेले. त्यांची जुनी डिझेल गाडी दिवाळीपर्यंत फाटकाशी तशीच उभी होती. मला चालवता येत नाही, आईनं तर कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. शेवटी फुलंब्रीकडच्या एका शेतकऱ्याला ती विकली. तो गेल्यावर आईनं ऑइलचे डाग पडलेली फरशी दोनदा धुतली. डाग काही निघाले नाहीत.

बाबा फुलंब्रीच्या पुढं एका गावात शिक्षक होते. हिवाळ्यात ते सगळ्यांच्या आधी उठायचे, मफलर गुंडाळायचे आणि गाडी सुरू करून तशीच ठेवायचे. घरघरीनं माझ्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. मग ते बोनेटवर तळहात ठेवून उभे राहायचे, आजारी पोराचं कपाळ बघावं तसे. रिटायर झाल्यावर कुठं जायचं नसायचं, तरी हे चालूच राहिलं.

त्या डिसेंबरात थंडी एकदम वाढली. एका पहाटे काचांच्या थरथरीनं मला जाग आली. आधी काहीच वेगळं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, मी पांघरूण ओढून घेतलं. मग आठवलं, गाडी तर विकली होती.

आईच्या खोलीत गेले तर ती अंधारात पलंगावर बसलेली.

"तुलाबी ऐकू येतंय?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग ठीक हाय. मला वाटलं, मलाच येतंय. रोजच्यावानी."

रोजच्यावानी. मी काही बोलायच्या आत ती शाल घेऊन बाहेर निघाली.

फाटकाबाहेर तीच गाडी उभी होती. रस्त्यावरच्या दिव्याखाली पांढरा धूर साचला होता. आत मफलर गुंडाळलेला माणूस. माझे पाय पायरीवरच थांबले. आई सरळ गेली आणि तिनं काचेवर टकटक केलं.

काच खाली आली. तो फुलंब्रीचा शेतकरी होता. घाईनं उतरला.

"माफ करा काकू. पोरीला क्लासला सोडलं. थंडीत गाडी चालूच होत नाय, रोज धक्का मारावा लागतो. काका कसं करायचे, तुम्हाला इचारावं म्हणलं. एवढ्या लवकर बेल वाजवू वाटंना, आन बंद केली तर परत चालू व्हायची नाय."



"किल्ली अर्धीच फिरवायची," आई म्हणाली. "पिवळा दिवा लागतो, तो इझूस्तोर थांबायचं. लई थंडी असली तर परत एकदा तसंच. अन् चालू झाली की लगेच पळवायची नाय. अंग तापू द्यायचं तिचं."

तिला हे सगळं माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

त्यानं गाडी बंद केली. गल्ली एकदम शांत झाली आणि आईनं माझं मनगट घट्ट धरलं. त्यानं किल्ली अर्धी फिरवली, थांबला, पुन्हा फिरवली. इंजिन लागलं. तरी आईनं हात सोडला नाही. तो नमस्कार करून गेला, धूर विरला, तेव्हा आम्ही आत आलो.

आठवड्याभरानं त्याचा फोन आला की गाडीचा आता काही त्रास नाही. मी आईला सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली.

"तुला अजून येतो का गं आवाज?"

"व्हय."

तेव्हापासून मी तिच्या खोलीत झोपते. मला काही ऐकू येत नाही. पण थंडीच्या दिवसांत पहाटे ती उठून बसते, मान जराशी कलती करून. आणि काही वेळानं, कुणाला वाटेला लावल्यासारखी, पुन्हा आडवी होते.