चष्मा माझ्या मुठीत होता

“मावशी, चष्मा काढा. आदिवासी बाई चष्मा लावते का कुठे?”

मुख्याध्यापिका म्हणाल्या. पाहुणे हसले. जात्यापुढे बसलेली माझी आय माझ्याकडे बघू लागली. मी पुढे झाले आणि माझ्या हातानं तिचा चष्मा काढला.

जव्हारच्या या इंग्रजी शाळेत मी शिकले, आता तिथंच शिकवते. मान खाली घालून ‘येस मॅम’ म्हणायची सवय तेव्हापासूनची. शाळेत देशोदेशीच्या स्त्रियांवर प्रदर्शन होतं, त्यात मेक्सिकोच्या स्त्रियांचा फलक माझ्याकडे होता. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या क्रांतीत या बायका सैन्याबरोबर चालल्या. रांधलं, जखमी सांभाळले, काहींनी बंदुकाही चालवल्या. तिथल्या कॅलेंडरांवर मात्र उरली एक गोरी, ओठ रंगवलेली बाई, छातीवर गोळ्यांचे पट्टे. फलकावर त्या चित्राशेजारी मी खरा जुना फोटोही लावला होता. अनवाणी बाई, पाठीवर दगडी पाटा.

लावण्याआधी साखरशेतला, आमच्या गावच्या घरी, आयनं तो निरखून पाहिला होता.

“हिचं नाव काय?”

“माहीत नाही.”

“फोटो काढणाऱ्यानं इचारलं नाय वाटतं.”

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिका मॅडमनी तो फोटो उतरवायला लावला. “किती मळकट! ती सुंदरवाली ठेव.” मी ठेवली. शेजारी आयला नाचणी दळायला बसवलं. समोर कागदी पाटी, माझ्याच अक्षरात: ‘आदिवासी स्त्री’.

चष्म्याशिवाय आय चाचपडत दाणे टाकू लागली. नाचणी जात्याबाहेर सांडली.

“पोरी, चष्मा दे. दानं दिसत नाय.”

मी ऐकलं. हलले नाही.

“अजून एक फोटो,” एक पाहुणी म्हणाली. “मावशी, जरा लाजा ना!”

आयनं जात्याचा खुंटा सोडला. चष्म्यासाठी हात पुढे केला. पण मी उभी होते त्याच्या उलट बाजूला; मी कुठे आहे तेही तिला दिसत नव्हतं.

तेव्हा मी गेले. चष्मा ओढणीनं पुसला, तिच्या डोळ्यांवर चढवला.

“मॅम, माझी आय चष्मा लावूनच दळते.”

“अगं, ही तुझी आई? आधी नाही का सांगायचं?”

नव्हतं सांगितलं. सकाळी सगळ्यांना म्हणाले होते, गावातली एक बाई आहे. आय तिथंच होती. तिनं ऐकलं होतं.

आधी काढलेले फोटो लोकांच्या मोबाइलमध्ये गेले. ते मला परत मिळणार नाहीत. घरी जाताना आय एवढंच म्हणाली, “नाचणी वाया गेली.”

दुसऱ्या दिवशी मी तो जुना फोटो परत लावला. खाली लिहिलं: ‘हिचं नाव कुणी विचारलं नाही.’ शेजारची पाटी फाडली. नव्या पाटीवर आयचं पूर्ण नाव, त्याखाली माझं. नात्यासकट.

मॅम, उतरवायचं असेल तर माझ्यासमोर उतरवा. मी उतरवणार नाही.