ईसीआरचा पासपोर्ट, दोन सॅक आणि अडतीस दिवस

आमच्या आईचं म्हणणं, माझ्या पायाला भिंगरी आहे. गाव सांगलीकडं. तिथून इस्लामपूर, मग भोसरी, मग होसूर आणि आता चार वर्षं चेन्नई. गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सीएनसी मशीनवर आहे. काम चांगलं आहे, पण एकच पार्ट दिवसाला दोनशे वेळा काढला की माणसाला कुठंतरी निघून जावंसं वाटतं.

या वेळी निघायचं डोक्यात माझ्या नाही, बायकोच्या आलं. रेश्मा नुंगंबाक्कमला कपड्याच्या दुकानात कामाला आहे. दुकानातली मालकीण पाच दिवसांचं थायलंडचं पॅकेज करून आली आणि खर्च सांगत बसली. रेश्मा घरी येऊन म्हणाली, "अहो, तेवढ्या पैशात आपण महिनाभर राहू की! आपल्याला कुठं एसी बस आणि बुफे लागतोय?"

मग दीड वर्ष पैसे साठवले. मलेशिया, थायलंड, लाओस असा रस्ता ठरवला. दोघांचं सगळं मिळून, विमान धरून, दीड लाखाच्या आत बसवायचं. पोंगलच्या सुट्टीला जोडून बिनपगारी रजा मागितली तेव्हा मालक म्हणाले, "लग्नाला दोन वर्षं झाली, आता कसला हनिमून?" पण रजेचं पत्र कंपनीच्या कागदावर लिहून दिलं. हे पत्र फार महत्त्वाचं ठरलं. का ते सांगतो, कारण माझ्यासारखे वाचणारे बरेच असतील.

ज्यांची दहावी झालेली नाही, त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असं लिहून येतं. म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जायचं असेल तर आधी सरकारची परवानगी काढायची. त्या यादीत मलेशिया आणि थायलंड दोन्ही आहेत. फिरायला जायला ती परवानगी लागत नाही, पण विमानतळावर विचारपूस होते. माझ्या पासपोर्टवर ईसीआर आहे.

आणि हे रेश्माला माहीत नव्हतं.

लग्न ठरवताना मामांनी बायोडाटा केला, त्यात लिहिलं, 'शिक्षण: दहावी, आयटीआय टर्नर'. मी नववी पास होऊन शाळा सोडलेली, आणि टर्नरचं काम इस्लामपूरला एका लेथवर उभं राहून शिकलेलो. मामा म्हणाले, "मुलीचे वडील शाळामास्तर आहेत. नववी वाचून पुढचं पान उलटणार नाहीत." मी गप्प बसलो. पासपोर्ट लग्नाआधी काढलेला, एका एजंटानं आखातात नेतो म्हटलं होतं तेव्हाचा. रेश्मानं तिकिटं काढताना मी तिला फक्त फोटोच्या पानाचा फोटो पाठवला. बाकी पानं कोण बघतंय!

चेन्नई विमानतळावर काउंटरवरच्या मॅडमनी बघितली.

"काम के लिए जा रहे हो?"

"नहीं मॅडम, घूमने."

"अडतीस दिन? दसवीं पास नहीं हो ना?"

रेश्मा माझ्या शेजारी उभी होती. ती चटकन म्हणाली, "नहीं मॅडम, ये दसवीं पास है. आयटीआय भी है." मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. नाही म्हणून.

आम्हाला बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं. बँकॉकहून परतीचं तिकीट, हॉटेलची बुकिंगं, लग्नाचं सर्टिफिकेट, बँकेचं स्टेटमेंट आणि मालकांचं ते पत्र, सगळं बघितलं. नोकरीच्या नावानं तिकडं नेऊन लोकांना अडकवतात, म्हणून बघावं लागतं, असं मॅडम समजावून म्हणाल्या. बोलणं नीटच होतं. वीस-पंचवीस मिनिटांनी शिक्का मारला. तेव्हा ईसीआरवाल्यांनो, हे पाच कागद छापून हातात ठेवा. फोनमधले शोधत बसू नका.

विमानात रेश्मानं खिडकी घेतली आणि क्वालालंपूर येईपर्यंत खिडकीकडंच बघत बसली.

क्वालालंपूरबद्दल मला फार सांगता येणार नाही. उंच बिल्डिंगी बघितल्या, फोटो काढले. फोटोत दोघांच्या मध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा आहे. विमानतळावरून गावात यायला बस घ्या, टॅक्सी नको. तिथून पेनांगला बसनं पाच तास, मग फेरीनं समुद्र ओलांडायचा.

पेनांगला मात्र जीव जरा भांड्यात पडला, कारण तिथल्या लिटल इंडियात सगळीकडं तमिळ. माझी तमिळ मशीनवरची, 'हे दे, ते काढ, थांब' एवढीच, पण परदेशात तेवढ्यावर दोन इडल्या जास्त मिळाल्या. केळीच्या पानावर भात वाढणाऱ्या अण्णांनी विचारलं, "तंबी, एंद ऊरु?" गाव कोणतं म्हणून. मी म्हटलं, "चेन्नई, गिंडी." ते हसले आणि रेश्माकडं बघून म्हणाले, "तमिळ नक्की तिकडचीच, पण गंजलेली आहे." हे मला कळलं, कारण गंज हा मशीनवरचा शब्द; तिच्या दुकानात हिंदीच चालते, तिला कळलं नाही. तिनं "काय म्हणाले?" विचारलं. तीन दिवसांत तिनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी खरंखरं सांगितलं. ती हसली नाही, पण तिनं माझ्या पानावरचा पापड उचलला.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी सकाळी आम्ही आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना फोन करतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तर होते, गावात अजून गुरुजीच म्हणतात. व्हिडिओवर दिसले तर समोर शाळेचा जुना नकाशासंग्रह उघडा. "पेनांग ना? सापडलं. बेट आहे. आता पुढं कुठं?" मी सांगत गेलो, ते बोट फिरवत गेले.

फोन ठेवल्यावर रेश्मा म्हणाली, "मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. कुठल्या रविवारी ते तुम्ही ठरवा. पण तोपर्यंत मी काही विसरलेय असं समजू नका."

मी म्हटलं, "त्यांना कळलं आणि ते म्हणाले, परत ये, तर?"

"मग बघू," ती म्हणाली. एवढंच.

पेनांगच्या पलीकडून, बटरवर्थहून पाडांग बेसारला ट्रेन जाते. त्या एकाच स्टेशनात मलेशियाचा शिक्का घेऊन बाहेर पडायचं आणि चार पावलांवर थायलंडचा शिक्का घ्यायचा. दोन्ही देशांत शिरायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. थायलंडचा रेश्मानं भरला. शिक्षणाचा रकाना त्यात नाही. तरी भरताना तिनं मान वर न करता विचारलं, "यात तरी सगळं खरं आहे ना? नाव तरी?"

हाट याईहून बँकॉकची स्लीपर गाडी पकडली. पांढऱ्याशुभ्र चादरी, स्वच्छ संडास. बँकॉकला तीन दिवस, मग तिथून थेट विएंतियानला, म्हणजे लाओसच्या राजधानीला जाणारी गाडी. लाओसचा व्हिसा सरहद्दीवर मिळतो. डॉलर सुट्टे न्या, नोट मळकी, दुमडलेली नको. लाओसचे पैसे हातात आले आणि आम्ही एकदम लखपती. एक फोडणीचा भात चाळीस हजाराचा!

खाण्याचं सांगतो. आम्ही मोठ्याचं मांस खात नाही, त्यामुळं फोनवर त्यांच्या भाषेत लिहून ठेवलं आणि प्रत्येक ठिकाणी दाखवलं. माशाच्या पाण्याचा, म्हणजे तिकडच्या फिश सॉसचा वास पहिले आठ दिवस सोसत नाही, मग त्याशिवाय जेवण अळणी लागतं. बरोबर दोन किलो शेंगदाण्याची चटणी नेली होती. ज्या दिवशी काहीच घशाखाली उतरत नव्हतं, त्या दिवशी भात आणि चटणी. गेस्ट हाउसच्या एका मावशीनं चाखून बघितली आणि अर्धी वाटी मागून घेतली.

दुसरा रविवार विएंतियानचा होता. आबा म्हणाले, "तुमच्यासमोरची नदी मेकाँग. तिबेटातून येते. विद्यार्थ्यांना पाठ करायला लावायचो मी, आणि जावईबापू तिच्या काठावर बसून चहा पितायत." त्यांचा चेहरा इतका खूश होता, की मी फोन नदीकडं फिरवला आणि सांगायचं राहिलं. तिसरा रविवार नोंग खियावचा. लाओसच्याच डोंगरातलं गाव, मधून हिरवी नदी, खोली आपल्या सातशे रुपयांत, सकाळी इतकी थंडी की तोंडातून वाफ. त्या रविवारी मी ठरवून बसलो होतो. फोन लागला, "आबा, मला एक..." म्हटलं आणि नेटवर्क गेलं. दहा मिनिटांनी आलं. मी परत लावला नाही. रेश्मा शेजारी दात घासत होती. चूळ भरून म्हणाली, "बरं झालं ना, नेटवर्क गेलं ते?"

ती असं बोलायची आणि पुढच्या मिनिटाला माझा हात धरून झुलत्या बांबूच्या पुलावरून पलीकडं जायची. राग आणि फिरणं दोन्ही तिनं बरोबर चालवलं होतं. मला ते जमत नव्हतं. एक तर मी हसायचो, नाहीतर घाबरायचो.

लुआंग प्राबांगहून थायलंडच्या सरहद्दीपर्यंत संथ होडी जाते. दोन दिवस, मध्ये एका गावी मुक्काम. अख्ख्या प्रवासात एकच गोष्ट करायला सांगेन तर ही. लांबलचक लाकडी होडी, जुन्या गाड्यांच्या सीटा खिळ्यांनी ठोकलेल्या, इंजिन मागं धडधडतंय. बायका कोंबड्या घेऊन चढतात, मध्येच वाळूवर उतरतात, जिथं ना घर ना रस्ता. उशी किंवा चादर न्या, पाठ मोडते.

तिथं दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं, "शिकलो नाही, याची एवढी लाज वाटती का तुला?"

ती भडकली. "शिकण्याचं कोण बोलतंय? तुमच्या आईला माहीत, मामांना माहीत, तुमच्या चुलतभावाला माहीत. त्या अख्ख्या मांडवात मी आणि आबा दोघंच बाहेरचे होतो. आणि वर मी सगळीकडं सांगत फिरले, दहावी, आयटीआय. त्या मॅडमला पण सांगितलं. तुम्ही माझ्या तोंडून खोटं वदवलंत."

शेजारची म्हातारी आमच्याकडं बघून हसली आणि सोललेली चिंच पुढं केली. नवरा-बायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं बहुतेक. आम्ही चिंच खाल्ली. आंबट होती, रेश्मानं डोळे मिटून घेतले आणि मी हसलो, मग तीही हसली. होडी लागेपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. राग गेला असं नाही. पण मला कळलं, की माफी आबांना सांगितल्याशिवाय मागता यायची नाही.

पुढं चियांग राय, चियांग माय आणि ट्रेननं परत बँकॉक. दोन रविवार आणखी गेले. नकाशावर आबांचं बोट परत खाली यायला लागलं. शेवटी हिशेब एक लाख अठ्ठेचाळीस हजारावर थांबला.

चेन्नईला उतरलो, खोलीवर आलो, कुलूप उघडलं तर आत अडतीस दिवसांचा कोंदट वास. सोमवारी मशीनवर उभा राहिलो. तोच पार्ट. पण खरं सांगतो, तो आठवडा बरा गेला. मशीन चालू असताना होडीचं इंजिन ऐकू यायचं.

पहिल्या रविवारी मीच फोन लावला. व्हिडिओ नाही, साधा. रेश्मा समोर बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"आबा, मी दहावी नाही. नववी पास होऊन शाळा सोडली. आयटीआय पण नाही. बायोडाटात खोटं लिहिलं होतं आणि मला ते माहीत होतं."

पलीकडं टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"रेश्माला कधी कळलं?"

"जाताना. विमानतळावर."

"म्हणजे पाच रविवार तुम्ही दोघं मला नकाशात फिरवत होतात."

"तिचं काही नाही, आबा. सांगायचं मला होतं."

आबा म्हणाले, "मला राग आलाय. जाईल तेव्हा जाईल. पण रविवारचा फोन चुकवायचा नाही." आणि ठेवला.

पुढचा रविवार एका मिनिटाचा झाला. तब्येत, पाणी, ठेवतो. रेश्मा म्हणाली, "एक मिनिट तर एक मिनिट."

लोक विचारतात, एवढे पैसे घालून हातात काय राहिलं? फोटो आहेत. रेश्मा आता दुकानात कुणी विचारलं तर 'नववी, पण काम पक्कं' असं सांगते, ते आहे. तिकडं पुन्हा जायचंय, बहुतेक व्हिएतनामला, त्याचे पैसे वेगळे काढायला लागलोय. आणि तुम्ही दोघं जाणार असाल तर एकच सांगतो, निघायच्या आधी एकमेकांचे पासपोर्ट सगळी पानं उलटून बघा.

परवाचा रविवार तिसरा. आबांनी तब्येत विचारली, पाणी विचारलं, आणि मी आता ठेवणार म्हणून वाट बघत होतो, तर म्हणाले, "त्या लाओसात शाळा कशा आहेत?"

रेश्मा फोनकडं वाकली. "आबा, तिथं ना..."

"तू थांब," आबा म्हणाले. "त्यांना सांगू दे."

मग मी सांगायला लागलो. नोंग खियावला आमच्या खोलीसमोरच शाळा होती. घंटा म्हणजे झाडाला टांगलेली ट्रकच्या चाकाची रिम. पोरी सायकलवर यायच्या, एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात उघडी छत्री, उन्हासाठी, पण एकही पडायची नाही. मास्तर फाटकात उभे राहून प्रत्येकाची नखं बघायचे. पलीकडून नुसतं "हं, हं" येत होतं. मी थांबलो.

"मग?" आबा म्हणाले. "पुढं?"