अर्ध्या माणसांचे शहर

गेल्या वर्षी दसरा झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, शिरूर कासारमधल्या आमच्या वाचनाच्या खोलीत, बारावीतल्या एका मुलीने स्वतः लिहिलेली कथा वाचून दाखवली. कथा संपायच्या आत तिचे वडील उठून बाहेर गेले. आठवडा उलटायच्या आत त्यांनी तिचे शिक्षण थांबवून तिला ऊसतोडीला न्यायचे ठरवले.

मी त्या खोलीत होते. पुढे जे लिहिले आहे त्यातले काही मी पाहिले आहे, काही ऐकले आहे. ऐकलेले आहे तिथे तसे म्हटले आहे.

खोली खताच्या दुकानावर आहे. दैनिकातली उपसंपादकाची नोकरी संपल्यावर मी गावी परतले आणि घरातली पुस्तके तिथे नेऊन ठेवली. रविवारी सकाळी कॉलेजातली मुले-मुली येतात. त्यांनी काय वाचावे हे मी ठरवत नाही. त्या वर्षी सगळ्यांना एकाच प्रकारच्या कादंबऱ्या हव्या होत्या: उद्याच्या बिघडलेल्या जगाच्या. काही भाषांतरे होती, बरेचसे वाचन मोबाइलवर चाले.

या पुस्तकांची रचना बहुतेक सारखी असते. जग मोडून गेलेले असते. उरलेल्या माणसांवर एक कडक सरकार असते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची चाचणी होते आणि तिच्यावरून त्यांची जागा ठरते. एका मुलीबद्दल सगळ्यांचा गैरसमज होतो. ती दुबळी आहे, ती फितूर आहे, ती कशाच्याही कामाची नाही. शेवटी कळते की सगळ्यांना वाचवणारी तीच.

श्रावणातल्या एका रविवारी, पुढे ती कथा लिहिणाऱ्या या मुलीने त्यावर शंका काढली. तोपर्यंत ती फारशी बोललेली नव्हती.

"ताई, दर पुस्तकात ती पोरगी शेवटाला खास निघती. न्हाई निघाली तर?"

"तर पुस्तक कोण वाचील?" मागून एक मुलगा म्हणाला.

"तसं न्हाई. लोक तिला काय बी म्हणले, ते खोटं ठरतं, कावून तर ती खास निघाली. समजा ती आपल्यासारखीच हाय. मग लोक म्हणत व्हते ते खरं व्हतं का?"

"आपल्यासारखी म्हणू नको, तुझ्यासारखी म्हण," शेजारची मैत्रीण म्हणाली. "मी खास हाय."

"हां, लई खास. बायोलॉजीच्या वहीत बेडूक काढ म्हणलं तर बटाटा काढती," मागचा मुलगा म्हणाला.

सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिला उत्तर हवे होते. मी तिला म्हटले, तशी गोष्ट तूच लिहून बघ.

गणपती बसायच्या सुमारास तिने ती लिहून आणली. तिच्या गोष्टीत एक शहर होते. तिथे सतरावे लागले की माणसाने जोडीदाराबरोबर मोठ्या काट्यावर उभे राहायचे. काटा जोडीचेच वजन दाखवी आणि जोडीलाच घराचा नंबर मिळे. एकट्याला तिथे अर्धा म्हणत. अर्ध्याला दार नाही, दिवा नाही, चावडीत बोलायची परवानगी नाही. गोष्टीतली मुलगी एकटीच काट्यावर चढते. काटा हलत नाही. अधिकाऱ्यांना वाटते, हिच्यात काहीतरी छुपी ताकद असणार. ते तिला बरेच दिवस कोंडून तपासतात. काहीही सापडत नाही. ती साधी असते.

शहराची कल्पना तिला सुचली कुठून, हे विचारायची गरज नव्हती. ऊसतोडीच्या टोळीत माणसे कोयत्याने मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि मजुरीही त्याच मापाने. तिचे आईवडील ती जन्मायच्या आधीपासून टोळीबरोबर जात होते.

मी ती कथा मुलांच्या दिवाळी अंकाच्या एका संपादकांना पाठवली. त्यांचा फोन आला. भाषा चांगली आहे, म्हणाले, पण नायिका शेवटी वेगळी निघायला हवी, नाहीतर वाचकाला काय मिळणार? मी हे मुलीला सांगितले. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या." छापायचे राहिले म्हणून वाचून दाखवायचे ठरले.

त्या दिवशी वडील येतील असे तिला वाटले नव्हते. ते हंगामासाठी ताडपत्री आणि दोर घ्यायला गावात आले होते. टोळीतला एक माणूस बरोबर होता. दोघे दाराशी बसले. वडिलांनी ताडपत्रीची गुंडाळी मांडीवर घेतली होती. मुलगी त्यांना पाहून जरा अडखळली, मग मोठ्याने वाचू लागली.

कथा अर्ध्यावर आली असेल. काट्यावरचा शिपाई ओरडतो, "अर्धा माणूस, बाजूला हो," असे एक वाक्य होते. त्यावर दाराशी बसलेला तो दुसरा माणूस वडिलांकडे वाकला. मी जवळच होते, मला ऐकू आले.

"तुझ्या पोरीला बी कळालं का बे?"

वडील उठले. ताडपत्री खांद्यावर टाकली आणि जिना उतरून गेले. मुलीने त्यांना जाताना पाहिले. ती शेवटपर्यंत वाचत राहिली.

पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी आली. अण्णा बोलत नाहीत, म्हणाली. आईला मात्र त्यांनी सांगितले होते, पोरीची कापडं बांध.

"म्हणले, लई अर्धं-अर्धं करती ना सगळ्यांपुढं. चल म्हणावं, दुसरं अर्धं व्हायला."

तिने आईकडून जे काढून घेतले ते असे. उन्हाळ्यात आईचे पोटाचे ऑपरेशन झाले होते आणि डॉक्टरांनी ओझे उचलायला मनाई केली होती. या वर्षी वडिलांबरोबर चुलतभाऊ कोयत्याला येईल असे घरात सगळे धरून चालले होते. तो भाऊ दुसऱ्या टोळीत गेला. टोळी जमवणाऱ्या मुकादमाने मग वडिलांना अर्धा कोयता धरले. दरवर्षी पुरा कोयता म्हणून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाला हे हॉटेलात, चारचौघांत ऐकावे लागले. घरी त्यांनी सांगितले नाही. वाचनाच्या दिवसापर्यंत मुलीला माहीत नव्हते, बायकोलाही नव्हते; तिला ते नंतर टोळीतल्या एका बाईकडून कळले. टोळीला माहीत होते.

"त्यांना वाटलं, मला बी कळलं. अन् मी ते लिवून लोकांना वाचून दावलं."

मी विचारले, "तू सांगितलं नाहीस, तसं नाही म्हणून?"

"कसं सांगू? सांगितलं तर मला आता ठाव झालंय हे कळंल की."

मी वडिलांशी बोलू का, असे विचारले. ती नको म्हणाली. तुम्ही बोललात तर त्यांना वाटेल, शिरूरभर झाले. पण निरोप त्यांचाच होता. गोष्टीचे कागद घेऊन ताईंना घरी बोलवायला सांग, असे ते आईला म्हणाले होते.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. वडील अंगणात कानशीने कोयत्याला धार लावत होते. आई ओट्यावर तूर निवडत होती. मला पाण्याचा तांब्या आणि खुर्ची मिळाली.

"हे छापायला दिलंय का?" त्यांनी पहिले हेच विचारले.

"दिलं होतं. छापणार नाहीत."

"कावून?"

"त्यांना शेवट पटला नाही."

कानस थांबली. "शेवट काय हाय? मी तर मधीच गेलतो."

मी कागद मुलीकडे दिले. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने शेवटचे पान वाचले. तपासणीत काही न सापडल्यावर गोष्टीतल्या मुलीला सोडून देतात. दार मिळत नाहीच. सकाळी ती घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहते. रांगेत जोड्या नसतात, घागरी असतात. पुढची म्हातारी घागर भरून बाजूला होते आणि म्हणते, चल, तुझा नंबर. मुलगी पाणी भरते. तिथे गोष्ट संपते.

"बस?" वडील म्हणाले.

"बस."

"तिला जोडीदार गावला न्हाई?"

"न्हाई."

"सरकार बी पडलं न्हाई?"

"न्हाई."

"मग गोष्ट कशाची ही?"

"पाण्याची," आई तूर निवडता निवडता म्हणाली.

"अन् टँकरला एवढी शिस्त? तिथं डोकी फुटत्यात. म्हातारी म्हणती, चल, तुझा नंबर! कोणती म्हातारी म्हणती ते दाव मला."

आई हसली. पोटावर हात धरून हसली, टाक्यांची जागा अजून ओढत असावी. मुलगीही थोडी हसली. वडिलांनी पुन्हा कानस उचलली, दोन-चार वेळा फिरवली आणि वर न बघता विचारले.

"अर्धी म्हंजी कोण?"

"मी."

"तू कावून अर्धी?"

ती सलग बोलली. "उसाच्या फडात मला कुणी मोजलंच न्हाई, अण्णा. अर्धी बी न्हाई. मुकादम यायचा, कोयते मोजायचा. तुमचा एक. मी पाचटावर बसलेली असायचे. एकदा मी त्याला म्हणलं, अन् मी? तर तो म्हणला, तू भाकरी खाती तेवढीच. सगळे हसले. तुमी बी हसला व्हता. मी तवा लई ल्हान व्हते. ते लिवलंय. तुमचं काय बी न्हाई त्यात."

वडिलांनी तिच्याकडे पाहिले. "मी हसलतो?"

"व्हय."

"मला याद न्हाई."

"मला हाय."

"यांना वाटलं, यांचंच लिवलं," आई माझ्याकडे बघून म्हणाली. वडिलांनी तिला गप्प केले नाही.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग वडील बोलले, ते माझ्याशी, मुलीशी नाही.

"ताई, मी शब्द दिलाय. पोरगी येतीय, पुरा कोयता धर, असं परवा सांगून आलोय. चौघांत सांगितलंय. आता परत जाऊन काय म्हणू? न्हाई येत म्हणू? पुन्हा अर्धा म्हणून घेऊ, त्याच हॉटेलात?"

जूनपासून अभ्यास केलेली, परीक्षेला चार महिने उरलेली मुलगी दारात उभी होती, आणि हे त्यांना माझ्याइतकेच दिसत होते.

"मी येते, अण्णा," मुलगी म्हणाली. "परीक्षा पुढल्या साली देईन."

ते खरे बोलणे होते. रुसून किंवा टोमणा म्हणून ती ते म्हणाली नाही. वडिलांनी कोयता भिंतीला टेकवून ठेवला, हात झटकले आणि घरामागे निघून गेले. मी चहा पिऊन परतले. ते परत अंगणात येईपर्यंत मी थांबले नाही.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी काय झाले हे मी पाहिलेले नाही. ते मला दोघांनी वेगवेगळे सांगितले: मुकादमाने, आणि वाचनाच्या दिवशी दाराशी बसलेल्या त्या माणसाने.

मुलीचे वडील एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आले. टोळीतली बरीच माणसे बसलेली होती. त्यांनी मुकादमाला सांगितले, "पोरगी येत न्हाई. तिची बारावी हाय. मला अर्धाच धर." या शब्दांबद्दल दोघांचे एकमत आहे. मुकादमाच्या म्हणण्याप्रमाणे ते हळू आवाजात बोलले. दुसऱ्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे पार भट्टीपाशी उभ्या असलेल्यालाही ऐकू गेले.

"मी म्हणलं, कावून बे, परवा तर येतीय म्हणला," त्या माणसाने मला सांगितले. "तर म्हणला, 'मी इचारलं व्हतं का तिला आदी? न्हाई. मग.' अन् बसला चहा पीत. त्याच्यावर आमी काय बोलणार?"

"कुणी हसलं का?" मी विचारले.

त्याने थोडा विचार केला. "एक-दोघं हसले. मी न्हाई."

हॉटेलातले बोलणे वडिलांनी घरी सांगितले नाही, असे मुलीची आई म्हणाली. त्यांनी फक्त बांधलेले गाठोडे सोडायला लावले.

त्यांच्या गावातली टोळी दिवाळीच्या आधी कर्नाटकातल्या एका कारखान्यावर गेली. ट्रक वेशीवर भरला तेव्हा मी तिथे होते. वडील मागच्या फळीला टेकून बसले होते, शेजारी ताडपत्री होती. ओट्यावर तूर निवडणारी आई त्यांना पोहोचवायला वेशीपर्यंत चालत आली होती. मुलगी आली नव्हती. तिची त्या दिवशी कॉलेजात सहामाहीची रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा होती. ती परीक्षेला हजर होती, हे मी संध्याकाळी तिच्या शिक्षिकेला विचारून घेतले.