सासूबाईंनी दुरुस्त केलेला माझा फ्रेंच सिनेमावरचा लेख

गेल्या शुक्रवारी ओमानमधल्या सूर गावातल्या आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी लिहिलेला एक लेख टाकला... आणि एरवी सतत वाजणारा ग्रुप एकदम गप्प झाला.

विषय होता सत्तरच्या दशकातले फ्रेंच प्रौढ सिनेमे. हो, तेच... 'तसले'. पुण्यात फ्रेंच शिकताना एका फिल्म कोर्समध्ये ते पाहिले होते, नोट्सची वही अजून जवळ आहे.

त्या काळी तिकडे हे सिनेमे साध्या थिएटरात लागायचे. काही दिग्दर्शक ते मन लावून करायचे... खिडकीतून येणारा हिवाळ्यातला उजेड, घाई नसलेले लांब शॉट, रिकाम्या बंगल्यातली शांतता. हा सिनेमाच आहे, असं मी ठामपणे लिहिलं होतं. आजही तेच म्हणते.

नवरा इथल्या प्लांटमध्ये इंजिनिअर. तो म्हणाला, "डिलीट कर. रविवारी ऑफिसात तोंड मला दाखवायचंय." मी नाही म्हटलं.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, तेव्हा रत्नागिरीहून आल्या होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सुरमई साफ करता करता म्हणाल्या, "मला वाचून दाखव बघू."

पहिल्या परिच्छेदाला अडखळले... पण सगळा वाचला. नवरा उठून बाहेर गेला.

"चांगलं लिहिलंयस," आई म्हणाल्या. "पण उजेड सांगितलास, कॅमेरा सांगितलास. त्या बाईचा चेहरा कसा होता?"

मी वही चाळली. नट्यांच्या चेहऱ्यांबद्दल एक ओळ नव्हती.

"आम्ही पेशंटचे कपडे काढताना आधी तोंडाकडे बघायचो. तिला चालतंय की नाही, ते तिथेच कळतं."

तेव्हा एक सीन आठवला. नटी क्षणभर कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडे तरी बघते... 'झालं का?' असं विचारल्यासारखी. वहीत मी त्यापुढे लिहिलं होतं, 'सुंदर फ्रेम'.

दोन दिवस बसून लेख नव्याने लिहिला. कौतुक काढलं नाही, पण प्रत्येक सिनेमात आधी चेहरा शोधला. माझे दोन लाडके सिनेमे त्यात घसरले... एक मात्र आणखी वर गेला.

नवऱ्याने तो वाचला आणि स्वतःच ग्रुपवर टाकला.

आई, लेखात तुम्ही तुमचा उल्लेख करू दिला नाहीत... म्हणून आभार इथे मानते.