नागेशरावांनी साफ केलेलं शामिसेन

रेगेन्सबर्गच्या आमच्या मराठी मंडळात नागेशरावांइतका स्वतःवर खूश माणूस दुसरा नाही. गाड्यांच्या कारखान्यात त्यांचं काम एकच: गाडीत कुठे खरखर, कुरकुर ऐकू आली की ती शोधायची आणि बंद करायची. बावीस वर्षं हेच केल्यामुळे जगातल्या प्रत्येक आवाजाने आपली परवानगी काढूनच निघावं, असं त्यांना वाटतं. आमच्याकडे जेवायला आले की आधी फ्रिजला कान लावतात. माझ्या कुकरच्या शिट्टीवरही त्यांनी मत दिलंय. मी विचारलं नव्हतं.

त्यांची बायको कुंदा माझी मैत्रीण. पुण्यात ती गाणं शिकायची, मैफलीत बाईंच्या मागे तंबोऱ्यावर बसायची. नागेशराव पाहुण्यांना सांगतात, "आमची ही पण थोडंफार गुणगुणायची." कुंदा तेव्हा चहा ओतत असते.

मुलगी शमिका अ‍ॅनिमेशन शिकते. पदवीसाठी तिने अकरा मिनिटांची फिल्म केली, होडी वल्हवणाऱ्या एका म्हातारीची. सगळी चित्रं हाताने काढलेली. संगीताला तिला शामिसेनच हवं होतं. हे तीन तारांचं जपानी वाद्य, हाताएवढ्या नखीने वाजवतात. म्यूनिकच्या मोरिताबाई, वय ऐंशी, ते शिकवायच्या. आता बोटं चालेनात म्हणून वाजवणं सोडून त्या कायमच्या जपानला निघाल्या होत्या. जाण्याआधी शमिकासाठी तासभर वाजवून गेल्या, शेवटचं.

ते रेकॉर्डिंग आम्ही सगळ्यांनी कुंदाकडे ऐकलं. जाड तार छेडली की सुरामागून एक बारीक झणझण उठायची आणि उरलेल्या ताराही जाग्या व्हायच्या. कुंदाचे डोळे भरून आले.

"तारेत प्रॉब्लेम आहे," नागेशराव म्हणाले. "व्हायब्रेशन."

"अहो, ती झणझण आपल्या जवारीसारखी आहे. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून आम्ही हीच तर आणायचो. मुद्दाम असते ती. हात लावू नका."

"आल्झो, हे बघ कुंदा, तुला यातलं काय कळतं? माझा रोजचा धंदा आहे हा."

दुसऱ्या दिवशी शमिका कॉलेजला गेली आणि या गृहस्थांनी तिचा लॅपटॉप उघडला. ऑफिसातल्या सवयीने झणझण तेवढी गाळली, साफ झालेली फाइल जुनीवरच सेव्ह केली आणि दोन-दोन कॉप्यांचा गोंधळ नको म्हणून रेकॉर्डरमधलं कार्डही पुसून टाकलं. नीटनेटकेपणा हा त्यांचा आणखी एक गुण. जे उरलं ते पुठ्ठ्यावर टिचक्या माराव्यात तसं वाजत होतं.

शमिकाने ते ऐकलं. पुसलेलं परत मिळवायची खटपट दोन दिवस केली, मिळालं नाही.

"पापा, दास वार दी मुझीक," ती म्हणाली. तेच तर संगीत होतं, पापा.

चूक कबूल करणं राहिलं बाजूला, नागेशराव मलाच म्हणाले, "ऊर्मिलावहिनी, या मुलांना क्वालिटी कळतच नाही हो." इतकं शिकून माणूस इतका कोरडा राहू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं. मला त्यांची कीव येत नाही. रागच येतो.

फिल्म जमा करायला चार दिवस उरले होते. शमिकाने दुसरं संगीत घातलं नाही. जिथे शामिसेन वाजायचं होतं, तिथे काहीच नाही ठेवलं.

कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली तेव्हा शमिका पहिल्या रांगेत होती, आम्ही तिघं मागे. पडद्यावर म्हातारी वल्हं मारत होती आणि आवाज कसलाच नव्हता. शंभर माणसं श्वास रोखून बसली होती. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मला ते सहन होईना.

नागेशराव माझ्याकडे झुकले. "बघा वहिनी, किती क्लीन! जरासुद्धा खरखर नाही."

"अहो," कुंदा म्हणाली, आणि हळू नाही म्हणाली, "तोंड बंद ठेवा."

हॉलमध्ये मराठी कळणारे आम्ही एवढेच, तरी सगळ्या माना वळल्या. पुढे शमिकाही वळली होती. फिल्म चालू होती, पण ती आईकडेच बघत राहिली.