बुडबुड्यांवर संशय घेणारा दादा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विश्वासच ठेवला नाही. दुसऱ्या नातेवाइकाला फोन लावून खात्री करून घेतली. दादानंही हेच केलं असतं… माझा थोरला भाऊ जात्याच संशयी. दूधवाल्यापासून जावयापर्यंत त्यानं कुणाला सोडलं नाही. मला तर भारी राग यायचा त्याचा.

पण त्याचा सगळ्यात जुना संशय बुडबुड्यांवर. तो शहरात रसायन अभियांत्रिकी शिकवायचा. कोळशाच्या बारीक दाण्यांच्या थरातून खालून जोरात गॅस सोडला, की दाणे शिजत्या भातासारखे खदखदतात आणि गॅसमधलं विष त्यांना चिकटून बसतं. किती चिकटेल, किती निसटेल, याचं गणित तो संगणकावर मांडायचा. बुडबुड्यातला गॅस दाण्यांना न शिवताच वर पळतो, हे त्याचं पालुपद.

निवृत्त होऊन तो आमच्या गावी, पुसेगावला आला, तेव्हा आमचा चुलतभाऊ बाळू शेणापासून गॅस करून शेजारच्या तांड्यातल्या घरांना पुरवायच्या तयारीत होता. त्या गॅसमधलं विष काढायला त्याच्या यंत्रात तसाच कोळशाचा थर होता. दादाचं गणित सांगत होतं, विष पुरतं अडकणार नाही. यंत्राच्या पूजेदिवशी मात्र विषानं काळा पडणारा कागद पांढराच राहिला. पाहुणे हसले. दादानं आधी स्वतःचं गणित तपासलं, मग आम्हा सगळ्यांना आरोपीसारखं उभं केलं. "कागद पांढरा राहिला काहून? गॅसच्या कॉकला कोनी हात लावला?" बाळू भडकला. "आमचं चांगलं बघवत न्हाई का तुमाला?"

शेवटी बाळूची बायको सुमन पुढे आली. "भाऊ, पाव्हण्यांच्या धोतरांवर कोळशाची भुकटी उडून राहिली व्हती. पूजेत बरं दिसंना, म्हून म्याच कॉक कमी केला." म्हणजे गॅस हळूहळू गेला, बुडबुडे झालेच नाहीत, म्हणून सगळं विष दाण्यांना चिकटलं! पूर्ण जोरात पुन्हा तपासायचं ठरलं, आणि त्याआधीच दादाचं हृदय थांबलं.

परवा बाळू माझ्याकडे हिंगोलीला आला. चहाला हात लावेना. त्यानं कॉक पूर्ण उघडून पाहिला होता. कागद काळाकुट्ट पडला. "ताई, लेकरं असलेल्या घरांत सोडणार व्हतो मी हे…" म्हणाला आणि रडायलाच लागला. "आता आमच्यावर संशय कोन घेईल?"

दादा इतका हवासा कधी वाटला नव्हता. बाळू गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन शेगडीचं बटण पाहिलं. बंद होतं. तरी पुन्हा पाहिलं.